कॅन्सरचं औषध पुढे न्यायचं की थांबवायचं? सल्लागार शास्त्रज्ञांबद्दल जरा सविस्तर

अर्धविराम

मंडळी, या विषयावर लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं. कॅन्सरवर नवं औषध काढणारी कुठलीही कंपनी घ्या, तिच्या माहितीत सायंटिफिक ॲडव्हायझरी बोर्ड म्हणून सात-आठ भारदस्त नावं असतातच, एखादे नोबेलवाले, दोन-तीन मोठ्या कॅन्सर सेंटरचे विभागप्रमुख, आणि वाचणाऱ्याला वाटतं की एवढी मोठी माणसं पाठीशी आहेत म्हणजे औषधात दम असणार. घरात कुणी आजारी असेल तर हा विश्वास अजूनच पटकन बसतो आणि ते साहजिकच आहे. पण ही माणसं प्रत्यक्षात करतात काय, त्यांच्या हातात किती असतं, त्यांचं ऐकलं नाही तर काय होतं, हे फारसं वाचायला मिळत नाही. माझं काम ट्रायलचे (माणसांवर औषध तपासण्याच्या चाचण्यांचे) प्रोटोकॉल, म्हणजे लेखी योजना, लिहिण्या-तपासण्याचं आहे, त्यामुळे या लोकांशी कायम संबंध येतो.

सल्लागार म्हटलं तरी त्यात तीन अगदी वेगळी कामं आहेत. एक, कंपनीचे स्वतःचे सल्लागार. कंपनीच निवडते, मानधन देते, कधी शेअर्सही देते, आणि ते म्हणतील तसं कंपनीने केलंच पाहिजे असं काही नसतं. दुसरी डेटा मॉनिटरिंग कमिटी. ट्रायल चालू असताना मधले आकडे उघडून बघायचा अधिकार हिला असतो, ते आकडे कंपनीलाही दिसत नाहीत आणि औषध देणाऱ्या डॉक्टरलाही नाहीत. तिसरी सरकारी परवानगी देणाऱ्या यंत्रणेची कमिटी, अमेरिकेत एफडीएची ऑन्कॉलॉजिक ड्रग्ज ॲडव्हायझरी कमिटी, जिला सगळे ओडॅक म्हणतात. तिथे सगळं उघड चालतं, मतदान होतं, आणि तरी एफडीए त्या मताला बांधील नसते.

आता माझं म्हणणं. सल्लागार किती मोठा आहे यापेक्षा त्याने कुठली योजना थांबवली आणि कुठला प्रश्न वेळेवर विचारला हे बघावं. २०११ ते २०२० या काळात फेज वनमध्ये, म्हणजे माणसांवरच्या पहिल्या टप्प्यात, शिरलेल्या कॅन्सरच्या औषधांपैकी बाजारात पोचण्याचं प्रमाण साधारण ५.३ टक्के होतं. म्हणजे वीसातली एकोणीस कुठेतरी थांबणारच आहेत, प्रश्न एवढाच की ती दोनशे पेशंटनंतर थांबतात की दोन हजारांनंतर. उशिरा थांबलेल्या औषधाच्या ट्रायलमध्ये जे पेशंट अडकले त्यांचे महिने परत मिळत नाहीत, आणि या आजारात महिने फार मोलाचे असतात.

थांबवणं म्हणजे सगळं नाकारत बसणं मात्र नव्हे. इमॅटिनिबचं उदाहरण घ्या. सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर, त्यातला फिलाडेल्फिया क्रोमोझोम १९६० मध्ये दिसला, जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं की तो ९ आणि २२ या दोन क्रोमोझोमचे तुकडे अदलाबदल होऊन बनतो, त्यातून तयार होणारं बीसीआर-एबीएल हे एन्झाइमच रोग चालवतं हेही पुढे सिद्ध झालं. औषध कंपनीकडे तयार होतं, पण पेशंट थोडे म्हणून धंदा होईल का ही शंका, त्यात कुत्र्यांवरच्या तपासणीत यकृताला इजा दिसलेली. ब्रायन ड्रकर या ऑरेगनच्या डॉक्टरांनी तेव्हा पिच्छाच सोडला नाही. जून १९९८ मध्ये फेज वन सुरू झाली, ३०० मिलिग्रॅम किंवा जास्त डोस मिळालेल्या ५४ पैकी ५३ पेशंटच्या रक्तातल्या पेशींची संख्या पूर्ववत झाली, आणि मे २००१ मध्ये परवानगी. हट्ट धरायला त्यांच्याकडे सबळ कारण होतं, कारण रोगाचं मूळ आणि औषधाचं लक्ष्य एकच आहे याचा पुरावा पक्का होता.

तुमच्यापैकी कुणी लॅबमध्ये, ट्रायलमध्ये काम करत असेल, किंवा पेशंट-नातेवाईक म्हणून ही बाजू बघितली असेल, तर जरूर लिहा.

पेशीभित्ती

छान विषय. मी लॅबमधली, त्यामुळे त्याआधीच्या टप्प्याबद्दल लिहिते.

कंपनीच्या सल्लागार बैठकीत सहसा दिवसभर स्लाइड असतात, उंदरातली गाठ लहान झाली, हे बघा ग्राफ. चांगला सल्लागार तिथे एक साधा प्रश्न टाकतो: ज्या प्रोटीनवर औषध काम करतं म्हणता ते प्रोटीन पेशीतून काढून टाकलं, तर औषध काम करायचं थांबतं का? थांबायलाच हवं ना. लक्ष्यच नाही तर बाण लागणार कुठे.

मेल्क नावाच्या एन्झाइमचं याच बाबतीत झालेलं आठवतं. ब्रेस्ट कॅन्सरच्या पेशी त्याच्यावर जगतात असे बरेच पेपर होते, त्यावरचं औषध माणसांवरच्या ट्रायलपर्यंत गेलं. मग अमेरिकेतल्या कोल्ड स्प्रिंग हार्बर या संशोधन संस्थेतल्या जेसन शेल्टझर यांच्या लॅबमध्ये क्रिस्पर हे जीन कापायचं तंत्र वापरून पेशींतून मेल्क काढून टाकलं, हे काम करणारे दोघे तर पदवीचे विद्यार्थी होते, आणि दिसलं काय की पेशी मेल्कशिवाय मजेत वाढतायत, आणि औषध टाकलं की तशाच मरतायत. म्हणजे औषध मारत होतं पण दुसऱ्याच कुठल्यातरी मार्गाने. २०१९ मध्ये याच गटाने आणखी काही औषधं अशीच तपासली, पुन्हा तीच गोष्ट, आणि त्यातल्या एका औषधाचं खरं लक्ष्य सीडीके११ हे वेगळंच प्रोटीन निघालं. आता सांगा, लक्ष्यच माहीत नसेल तर कुठल्या पेशंटला द्यायचं हे ठरवणार कसं?

इनिपॅरिबचंही तेच. पार्प इनहिबिटर, म्हणजे डीएनए दुरुस्त करणारं पार्प हे एन्झाइम अडवणारं औषध, म्हणून फेज थ्रीपर्यंत, म्हणजे परवानगीआधीच्या मोठ्या ट्रायलपर्यंत, गेलं, २०११ मध्ये अपयशी ठरलं, आणि मग कळलं की पेशीत ते पार्पला धड अडवतच नाही. हा प्रयोग फेज थ्रीच्या आधी सहज करता आला असता.

आणि पेशींची ओळखसुद्धा तपासायला हवी. एमडीए-एमबी-४३५ ही लॅबमध्ये वाढवत ठेवलेल्या पेशींची लाइन वर्षानुवर्षं ब्रेस्ट कॅन्सरची म्हणून वापरली गेली, प्रत्यक्षात ती मेलानोमाची, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरची निघाली. त्यावर उभे राहिलेले पेपर अजून लोक संदर्भाला घेतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वाचनवेडा

वाचतोय. पेशीभित्ती ताई, पण हे पेपर मोठ्या जर्नलमध्ये आलेले असतात ना? ते तपासलेले नसतात का?

पेशीभित्ती

@वाचनवेडा, जर्नलचे परीक्षक लिहिलेलं तपासतात, प्रयोग पुन्हा करून बघत नाहीत. ॲम्जेन या औषध कंपनीने गाजलेले ५३ अभ्यास स्वतःच्या लॅबमध्ये करून बघायचा प्रयत्न केला, त्यातले ६ जमले, हे बेगली आणि एलिस यांनी २०१२ मध्ये नेचरमध्ये लिहिलं. नंतर २०२१ मध्ये एका मोठ्या प्रकल्पात २३ पेपरमधले ५० प्रयोग परत केले, तर परिणामाचा आकार, मधोमधचा आकडा (मीडियन) घेतला तर, ८५ टक्क्यांनी कमी निघाला. सगळे खोटं लिहितात असं अजिबात नाही. थोड्या उंदरांवर केलेला प्रयोग, छान आलेलाच निकाल छापला जातो, त्यातून हे होतं. म्हणून मी तर म्हणते की सल्लागाराने पहिल्याच बैठकीत विचारावं, हा प्रयोग दुसऱ्या लॅबने केलाय का? नसेल तर आधी ते करा, बाकीच्या स्लाइड नंतर.

सरासरी

संख्याशास्त्रवाला इथे हजर. डेटा मॉनिटरिंग कमिटीच्या बैठकांना मी रिपोर्ट सादर करायला बसलेलो आहे, तर आतून ते कसं असतं ते सांगतो कारण बाहेर याची फारच कमी कल्पना असते.

कमिटी छोटी असते, त्या आजाराचे दोन-तीन डॉक्टर, एक तरी संख्याशास्त्रज्ञ, कधी नीतिशास्त्राचा जाणकार. बैठकीचे दोन भाग. पहिल्यात कंपनीचे लोक असतात, किती पेशंट घेतले, कुठलं सेंटर मागे पडलंय एवढंच बोलतात. मग ते बाहेर जातात आणि बंद भाग सुरू होतो. त्यात ट्रायलशी बाकी काही संबंध नसलेला संख्याशास्त्रज्ञ रिपोर्ट आणतो, त्यात दोन गटांना बऱ्याचदा नुसतं अ आणि ब लिहिलेलं असतं, कमिटीला हवं तेव्हा ती विचारते की अ म्हणजे कोण. पानापानावर मृत्यू, गंभीर साइड इफेक्ट, सोडून गेलेले पेशंट. एकेका मृत्यूवर वाद होतो, की हा आजाराने गेला की औषधाने. आणि दोन तासांनी बाहेर जातं ते तीन ओळींचं पत्र: ट्रायल आहे तशी चालू ठेवावी. किंवा बदल करून चालू ठेवावी. किंवा थांबवावी. कारणं, आकडे काहीही बाहेर जात नाहीत.

थांबवण्याचं मोठं उदाहरण म्हणजे कॅरेट नावाची ट्रायल. बीटा-कॅरोटीन आणि व्हिटॅमिन ए दिलं तर सिगारेट ओढणाऱ्यांना आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी कल्पना, १८,३१४ लोक. फिनलंडच्या २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवरच्या ट्रायलमध्ये १९९४ लाच उलटं दिसलं होतं, बीटा-कॅरोटीनवाल्यांत १८ टक्के जास्त कॅन्सर. कॅरेट जानेवारी १९९६ मध्ये ठरल्यापेक्षा २१ महिने आधी थांबवली, गोळ्या घेणाऱ्या गटात फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्क्यांनी जास्त होता. व्हिटॅमिनने काय बिघडणार असं त्या काळी भलेभले म्हणत होते हे लक्षात घ्या. आकडे बघणारं कुणी नसतं तर आणखी २१ महिने लोक गोळ्या घेत राहिले असते.

टिंब

एक शंका. मधे आकडे बघून कमिटीला जर कळलं की औषध थोडं चांगलं चाललंय, तर डॉक्टरांना लगेच का सांगत नाहीत? ज्यांना प्लासिबो मिळतोय त्यांच्यावर अन्याय नाही का हा?

सरासरी

@टिंब, हा प्रश्न मलाही टोचतो. अडचण अशी की मधले आकडे फार हलतात, तीस मृत्यूंवर जो फरक दिसतो तो शंभरावर नाहीसा होऊ शकतो. डॉक्टरांना नुसती कुणकुण लागली तरी ते आपल्या पेशंटला दुसऱ्या गटात जाऊ देणार नाहीत, मग ट्रायल तिथेच संपली, आणि औषध खरंच चांगलं होतं का हे कुणालाच कधी कळणार नाही. म्हणून थांबवायची रेघ आधीच आखून ठेवतात, आणि पहिल्या पहिल्या नजरेला ती रेघ फार कडक असते. रेघ ओलांडली की मात्र वेळ घालवत नाहीत. कीनोट-०२४ या ट्रायलमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरचे ३०५ पेशंट होते, पेम्ब्रोलिझुमॅब हे नवं औषध घेणारे जास्त जगतायत हे स्पष्ट झाल्यावर २०१६ मध्ये कमिटीनेच सांगितलं की थांबवा आणि केमोवाल्या गटालाही हे औषध द्या.

अर्धविराम

सरासरी सर, फार छान लिहिलंत. तुमच्या कीनोटवरून आठवलं, त्याच वर्षी त्याच आजारात अगदी त्याच जातीचं दुसरं औषध, निवोलुमॅब, केमोपुढे हरलं. त्या ट्रायलचं नाव चेकमेट-०२६. औषधं जवळजवळ भावंडं आहेत. फरक कुठे होता? पेशंट निवडण्यात. गाठीवर पीडी-एल१ हे प्रोटीन किमान ५० टक्के पेशींवर असेल तरच घ्यायचं असं पेम्ब्रोच्या ट्रायलने ठरवलं होतं, तर निवोच्या ट्रायलचा मुख्य हिशोब ५ टक्के किंवा जास्त असलेल्यांवर होता. जास्त पेशंटना बसेल असं औषध कुणाला नको असतं? पण रेघ खाली ओढली तशी ज्यांना फायदा होणार नव्हता अशी माणसंही आत आली आणि फरक पुसला गेला. सल्लागारांनी टेबलावर बसून ठरवलेला एक आकडा, त्यावर एवढं अवलंबून असतं. मला विचाराल तर कॅन्सरच्या औषधात सगळ्यात कठीण सल्ला हाच, औषध कुणाला द्यायचं नाही.

तिसरीबाजू

सगळं ठीक, पण पैशाचं कुणी बोलतच नाहीये. ज्याला कंपनी मानधन देते, शेअर देते, तो कंपनीचं औषध थांबवा म्हणणार? न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होझे बासेल्गा, एवढा नावाजलेला माणूस, कंपन्यांकडून मिळालेले पैसे जर्नलमधल्या बऱ्याच लेखांत जाहीर केले नाहीत हे बाहेर आल्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये राजीनामा द्यावा लागला. आणि बंद खोलीतली माणसंही माणसंच असतात, अल्झायमरच्या एका औषधाच्या ट्रायलमध्ये तर सुरक्षा समितीच्या अध्यक्षांनीच २००८ मध्ये निकाल शेअर बाजारातल्या माणसाला आधी सांगितला, तो माणूस पुढे तुरुंगात गेला. मला या सगळ्या व्यवस्थेवर विश्वास ठेवणं जड जातं, खरंच.

अर्धविराम

तिसरीबाजू, तुमचा मुद्दा रास्त आहे, तो टाळून पुढे जाता येणार नाही. बासेल्गा यांचं संशोधन मोठं होतं, तरी जे जाहीर करायचं ते केलं नाही हेही तितकंच खरं.

माझा अनुभव सांगतो तो असा की पैसे घेणारा प्रत्येक सल्लागार गप्प बसतो असं नाही. एका ट्रायलच्या वेळी (नाव देणार नाही) कंपनीच्या मानधनावरच्या ज्येष्ठ डॉक्टर बाईंनी सरळ सांगितलं की तुलनेसाठी तुम्ही जुनी केमो धरली आहे, आज ती कुणी देत नाही, या ट्रायलमध्ये मी माझा पेशंट घालणार नाही. योजना सहा महिने मागे गेली, पण बदलली. दुसऱ्या एका ठिकाणी अगदी हाच प्रश्न कुणी विचारला नाही आणि मी प्रोटोकॉलच्या टिपणात लिहिलेलं बाजूला ठेवलं गेलं, त्याचा राग मला आजही आहे.

म्हणून मी तीन गोष्टी बघतो. सल्लागाराचे शेअर त्याच औषधावर उभे आहेत का, त्याने स्वतः त्या औषधाच्या ट्रायलमध्ये पेशंट घातलेत का, आणि तो सांगतो त्याच्याविरुद्ध बोलणारं कुणी त्या खोलीत आहे का. यातली शेवटची माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. पूर्णपणे निःसंबंध माणूस शोधायला गेलं तर ज्याने ते औषध कधी पाहिलंच नाही असा माणूस हाती लागतो, त्याचाही उपयोग होत नाही.

शेवंती

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही. बहिणीच्या आजारपणानंतर पेशंटची प्रतिनिधी म्हणून प्रोटोकॉल तपासणाऱ्या एका समितीवर बसते.

वरची चर्चा वाचून बरं वाटलं, पण एक राहिलं. ॲव्हास्टिन हे औषध आणि ब्रेस्ट कॅन्सर. ओडॅकने डिसेंबर २००७ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी नको म्हटलं. एफडीएने तरी फेब्रुवारी २००८ मध्ये घाईची, अटींवरची परवानगी दिली, कारण आजार वाढायला लागणारा वेळ साधारण सहा महिन्यांवरून अकराच्या पुढे गेला होता. नंतरच्या ट्रायलमध्ये हा फायदा फारच कमी दिसला आणि बायका जास्त जगल्या असं कुठल्याच ट्रायलमध्ये दिसलं नाही. जुलै २०१० मध्ये १२ विरुद्ध १, परवानगी काढा. कंपनीने सुनावणी मागितली. जून २०११ मध्ये दोन दिवस सुनावणी झाली, तिथे बायका उभ्या राहून सांगत होत्या की मी या औषधावर जिवंत आहे, हे माझ्यापासून काढून घेऊ नका. त्यानंतर समितीने ६ विरुद्ध ० मत दिलं आणि नोव्हेंबरमध्ये आयुक्त मार्गारेट हॅम्बर्ग यांनी ब्रेस्ट कॅन्सरसाठीची परवानगी काढून घेतली.

त्या सहा जणांचं मत आकड्यांच्या बाजूने बरोबर होतं हे मला कळतं. रक्तदाब, रक्तस्राव, आतड्याला भोक पडणं, हे सगळं सहन करून जास्त जगायला मिळत नसेल तर कशासाठी. पण त्या उभ्या राहिलेल्या बायकांमधली प्रत्येक जण खोटं बोलत होती का? नाही. तिच्या बाबतीत आजार खरंच थांबलेला असेल, ते औषधाने की आजाराच्या स्वभावाने हे एका बाईकडे बघून सांगता येत नाही एवढंच. आणि युरोपात तेच औषध एका केमोबरोबर चालू राहिलं, म्हणजे तेच आकडे बघून शहाण्या माणसांची मतं वेगळी पडली.

तर माझं म्हणणं एवढंच की सल्लागारांच्या टेबलावर पेशंटकडचं माणूस सुरुवातीपासून हवं, शेवटच्या सुनावणीत रडायला नको. मी प्रोटोकॉल हातात घेते तेव्हा आधी बघते की सुई किती वेळा, बायोप्सी किती वेळा, सेंटरला किती खेपा. एकदा दुसरी बायोप्सी कशासाठी असं विचारलं तर उत्तर आलं की नमुने साठवून ठेवायचेत, पुढे लागले तर. यकृतात सुई घालणार, आणि पुढे लागले तर? ती बायोप्सी ऐच्छिक करून घेतली. ते काम कुठल्याही प्राध्यापकाने केलं नसतं असं नाही, पण त्या दिवशी कुणी केलं नव्हतं.

टिंब

शेवंती ताई, तुमचा प्रतिसाद वाचून थांबलो थोडा वेळ. धन्यवाद.

सरासरी

शेवंती ताई, +१. आजार वाढायला लागणारा वेळ आणि आयुष्य या दोन गोष्टी सारख्या धरायच्या का हा आमच्याकडचा सगळ्यात जुना वाद. त्याची दुसरी बाजूही सांगतो, कारण चुकीचं माप धरलं तर चांगलं औषधही मरतं.

इपिलिमुमॅब आणि ट्रेमेलिमुमॅब, दोन्ही सीटीएलए-४ या प्रोटीनवरची, शास्त्रज्ञ जिम ॲलिसन यांच्या कामातून सुचलेली. ही औषधं गाठ थेट मारत नाहीत, रोगप्रतिकार शक्तीचा ब्रेक काढतात, त्यामुळे कधी गाठ आधी वाढलेली दिसते आणि मग आकसते. केमोच्या मापाने बघितलं तर ते अपयश. मेलानोमावरची ट्रेमेलिमुमॅबची फेज थ्री २००८ मध्ये मधला हिशोब बघून बंद केली. इपिलिमुमॅबवाल्यांनी ट्रायल चालू असतानाच मुख्य माप गाठ किती आकसली यावरून पेशंट किती जगला यावर बदललं आणि निकालाची वाट बघत थांबले. २०१० मध्ये निकाल आला, १० महिने विरुद्ध ६.४, आणि मार्च २०११ मध्ये परवानगी. अशा औषधांत सुरुवातीचे काही महिने दोन गटांत किती जण जिवंत आहेत हे दाखवणाऱ्या ग्राफच्या रेषा चिकटूनच चालतात, फरक पडतो तो उशिरा. ट्रेमेलिमुमॅबला परवानगी मिळायला २०२२ उजाडलं, तेही यकृताच्या कॅन्सरसाठी आणि दुसऱ्या औषधाच्या जोडीने. म्हणून अर्धविराम, तुमचं 'काय थांबवलं ते बघा' हे मला पूर्ण पटत नाही. थांबवायची रेघ आखताना औषध काम कसं करतं हे जर संख्याशास्त्रज्ञाला सांगितलं नाही तर तो आकड्यांनुसार बरोबर असूनही निर्णय बिघडू शकतो.

आणि सल्लागाराला कागद कुठले दिले हेही बघावं लागतं. ड्यूक विद्यापीठातलं अनिल पोट्टी प्रकरण. गाठीतल्या जीन्सवरून कुठली केमो लागू पडेल ते सांगतो असा दावा, २००६ पासून मोठमोठे पेपर. एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरचे दोन संख्याशास्त्रज्ञ, बॅगर्ली आणि कूम्ब्स, आकडे पुन्हा मांडायला बसले तर जीन्सची यादी एका ओळीने सरकलेली, म्हणजे नाव एका जीनचं आणि आकडा शेजारच्याचा, काही ठिकाणी तर औषध लागू पडणारे आणि न पडणारे यांची लेबलंच उलटी. याच्यावर खऱ्या पेशंटची केमो ठरत होती! २००९ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रायल थांबवल्या, बाहेरचे तज्ज्ञ नेमले, आणि जानेवारी २०१० मध्ये त्या परत सुरू झाल्या. कारण बॅगर्ली यांनी पाठवलेली नवी हरकत त्या तज्ज्ञांपर्यंत पोचूच दिली नव्हती. त्यांनी समोर होतं त्यावर प्रामाणिक मत दिलं असेल, पण समोर अर्धंच होतं. शेवटी त्याच वर्षी ट्रायल कायमच्या बंद झाल्या, पेपर मागे घेतले गेले.

अर्धविराम

सरासरी सर, ट्रेमेलिमुमॅबचा मुद्दा मान्य, थांबवणं हा नुसता अधिकार आहे, त्याला योग्य माप लागतंच. पोट्टी प्रकरणातून मी एक गोष्ट माझ्या कामात घेतली आहे, समितीला जाणाऱ्या फायलीत विरोधात आलेलं प्रत्येक पत्र जोडायचं, आम्हाला ते चुकीचं वाटत असलं तरी.

पेशीभित्ती

डोसबद्दल पण लिहा ना कुणीतरी. तिथे सल्लागारांनी बराच काळ जुनंच धरून ठेवलं असं मला वाटतं.

अर्धविराम

हो, बरोबर. केमोच्या काळापासूनची पद्धत अशी की फेज वनमध्ये तीन-तीन पेशंट घ्यायचे, डोस वाढवत जायचा, त्रास असह्य झाला की एक पायरी खाली यायचं आणि तोच डोस पुढे न्यायचा. केमोत जास्त डोस म्हणजे जास्त पेशी मरतात, तिथे ते चालून जातं. नव्या गोळ्या एका विशिष्ट प्रोटीनला अडवतात, ते पूर्ण अडलं की पुढे डोस वाढवून फक्त जुलाब आणि पुरळ वाढतात, आणि या गोळ्या पेशंटला वर्षानुवर्षं घ्यायच्या असतात. एफडीएने २०२१ मध्ये प्रोजेक्ट ऑप्टिमस सुरू केला तो यासाठीच. सोटोरासिब या फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या गोळीला त्याच वर्षी दिवसाला ९६० मिलिग्रॅमवर अटींची परवानगी देताना कंपनीला सांगितलं की २४० शी तुलना करून दाखवा. शेवटी ९६० च राहिला, पण प्रश्न विचारला गेला. त्याच औषधाची पुढची ट्रायल ऑक्टोबर २०२३ मध्ये ओडॅकपुढे आली. आजार रोखण्यात ५.६ महिने विरुद्ध ४.५ असा फरक, पण तुलनेच्या गटातले बरेच पेशंट सुरुवातीलाच सोडून गेलेले, त्यामुळे १० विरुद्ध २ मतांनी समितीने सांगितलं की हा आकडा भरवशाचा धरता येत नाही. डिसेंबरमध्ये एफडीएने पूर्ण परवानगी नाकारली आणि नवी ट्रायल मागितली.

वाचनवेडा

हे सगळं एकेका औषधाबद्दल झालं. पण मुळात कुठल्या संशोधनाला पैसा द्यायचा हे कोण ठरवतं? तिथेही सल्लागार असतात का?

पेशीभित्ती

असतात. अमेरिकेत १९७१ च्या कॅन्सर कायद्याने राष्ट्रीय सल्लागार मंडळ आणि राष्ट्राध्यक्षांना थेट कळवणारं तीन जणांचं पॅनेल नेमलं. २०१६ मध्ये मूनशॉट या सरकारी कॅन्सर मोहिमेसाठी ब्लू रिबन नावाचं तज्ज्ञांचं पॅनेल बसलं, त्यांनी दहा शिफारशी दिल्या, लहान मुलांच्या कॅन्सरवर वेगळा भर, पेशंटचा डेटा एकत्र करणं, वगैरे, आणि त्यामागे सात वर्षांसाठी १.८ अब्ज डॉलर मंजूर झाले. हे वाचायला रटाळ वाटतं पण लॅबमध्ये आम्ही पुढची पाच वर्षं काय करणार ते तिथेच ठरतं.

शेवंती

एक शेवटचा प्रश्न, माहीत असेल त्यांनी सांगा. ॲव्हास्टिनसारखं पुन्हा होऊ नये, पण औषधाची वाट बघण्यात माणसं जाऊही नयेत, यासाठी मधलं काही माप आहे का ज्यावर सगळ्यांचा विश्वास बसेल?

सरासरी

ताई, एका आजारात तरी आहे. मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कॅन्सरमध्ये औषधं इतकी सुधारली की पेशंट किती जगतो हे बघायला बरीच वर्षं थांबावं लागतं. त्यात अस्थिमज्जेत लाखात एखादी रोगट पेशी उरली आहे का हे तपासता येतं, त्याला एमआरडी म्हणतात. दोन गटांनी स्वतंत्रपणे बऱ्याच ट्रायलचा पेशंटनिहाय डेटा गोळा केला आणि दाखवलं की एमआरडी नसलेल्यांचा आजार उशिरा परततो. १२ एप्रिल २०२४ ला ओडॅकने १२ विरुद्ध ० मत दिलं की अटींवरच्या परवानगीसाठी हे माप चालेल. ॲव्हास्टिनच्या वेळी पुरावा नंतर गोळा झाला, इथे माप आधी पारखून घेतलं. आणि परवानगी मिळाली तरी पुढचा पाठपुरावा चालू ठेवावाच लागतो, आयुष्य वाढतं का हे त्यातून कळेल.

शेवंती

धन्यवाद सर. आमच्या समितीत मायलोमाचा एक प्रोटोकॉल येतोय, त्यात अस्थिमज्जेची तपासणी किती वेळा धरली आहे ते आता नीट बघते. माप चांगलं असलं तरी प्रत्येक वेळी हाडात सुई जाते, ती किती वेळा लागेल हे आधीच विचारून ठेवीन.